रोमच्या कुस्तीवर आण्णांचं मत

आमच्या घरात कुणाच्या सांगण्यावर एकदम विश्वास ठेवायची पद्धत नव्हती. आण्णांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, कोल्हापुरात पशुखाद्याचं दुकान होतं. आलेल्या पोत्यात कोपरापर्यंत हात घालून तळातली सरकी पेंड वर काढायची, चुरगळायची, हुंगायची, मगच गाडीवाल्याला पाणी विचारायचं. दूधकट्ट्यावर म्हैस डोळ्यांदेखत पिळली जात असली तरी ते आधी गवळ्याचे हात ओले आहेत का ते बघायचे. तरुणपणी ते स्वतः पैलवान होते. मोडून चपटे झालेले कान तेवढे त्या दिवसांची खूण म्हणून उरले होते.

अशा घरात जपानी चित्रकथांचा गठ्ठा आला तो माझ्या मामेभावामुळे. पुण्यात कॉम्प्युटरच्या कंपनीत होता, खोली बदलताना अडगळ नको म्हणून मला देऊन गेला. मी तेव्हा कॉलेजात इंग्रजी घेऊन बी.ए. करत होते आणि इंग्रजीत छापलेलं काहीही वाचत होते. गोष्ट जुन्या रोममधली. जिंकलेल्या मुलखातून पकडून आणलेला एक तरुण गुलाम आखाड्यात लढतो, आणि वाळूखाली झोपलेली एक विसरलेली देवी, रक्ताचा थेंब वाळूत पडला की, त्याच्या अंगात ताकद भरते. पुस्तकं जपानी रीतीनं उजवीकडून डावीकडे वाचायची होती. आण्णांनी एक हातात घेतलं, मागून उघडलं, पुढून उघडलं.

"उलटं छापलंय," ते म्हणाले. "बाद माल गळ्यात मारलाय त्यानं तुझ्या."

तशीच रीत आहे असं मी सांगितलं. त्यांना ते पटलं नाही, पण पुस्तक खाली ठेवलं नाही, कारण पानापानांवर उघडी, दांडगी माणसं एकमेकांना भिडत होती. चष्मा लावून त्यांनी एक आखाडा नीट निरखला. मग नायकाच्या तोंडावर बोट ठेवलं.

"ह्येचं कान बघ. सरळ. ह्यो कधी मातीत उतरला न्हाय."

तिथून आमची वाचनाची सुरुवात झाली. दुपारी दुकान बंद करून जेवण झालं की आण्णा माजघरात भिंतीला टेकून बसायचे आणि मी चित्रातल्या फुग्यांचं मराठी करून सांगायचे. त्यांची मतं ठाम असायची. गुलामांना रोज सातूची लापशी देतात हे त्यांना मान्य होतं. देवीचा मात्र राग यायचा. "अंगात द्येव येत असंल तर वस्ताद कशाला ठेवायचा?" प्रत्येक लढतीचं चित्र ते पुन्हा मागून पुढं बघायचे आणि निकाल द्यायचे. ही खरी. ही खरी. ही नुरा.

नुरा म्हणजे ठरवून केलेली कुस्ती. बाहेरच्या माणसाला हा शब्द लहानसा वाटेल. आमच्याकडे पैलवानाला शिव्या दिल्या तर तो हसून सोडून देईल, पण नुरा म्हटलं तर नाही. आणि आमच्या घरात हा शब्द सहज उच्चारला जावा अशी परिस्थिती नव्हती, हे आण्णांना माहीत होतं. तरी ते उच्चारायचे.

माझा मोठा भाऊ, दादा, पैलवान होता. आण्णांनीच त्याला तालमीत घातला होता. दोन वर्षांपूर्वी एका जत्रेच्या मैदानात त्याची कुस्ती त्याच्याहून हलक्या गड्याशी लागली. सगळ्यांच्या मते ती त्याच्या खिशात होती. हलगी तापायच्या आत दादा चितपट झाला. कुणीतरी "नुरा" म्हणून ओरडलं आणि मग सगळं मैदान तेच ओरडायला लागलं. मी तिथं नव्हते, बायका मैदानात जात नसत. पण लोकांनी आम्हाला ते पुरवून पुरवून सांगितलं. पहिला आवाज पुढच्या रांगेतून आला होता. तो आण्णांचा होता.

दादाचं म्हणणं एवढंच की पहिल्याच पकडीत गुडघा फिरला. पण तो मैदानातून सरळ चालत बाहेर आला होता. लंगडलो असतो तर सोंग म्हणाले असते, असं तो आईला म्हणाला. दवाखान्यातही गेला नाही, त्याच कारणानं. तालीम सुटली. तो कबनूरला एका यंत्रमागाच्या कारखान्यात लागला, तिथंच खोली घेऊन राहिला, सुट्टीच्या दिवशी घरी येऊन जेवून जायचा. आण्णा आणि तो एकमेकांशी बोलत, पण मध्ये आई किंवा मी लागायचो. "त्येला इचार, अजून भाकरी पायजे का." दादाला आण्णांकडून शेतजमीन नको होती, दुकान नको होतं. तू विकला गेला नव्हतास, एवढं एक वाक्य हवं होतं. त्यासाठीच तो येत राहिला, नाहीतर कबनूरला खाणावळी काय कमी होत्या.

माझा दादावर विश्वास होता का? ठेवायचा प्रयत्न करत होते. या घरात वाढल्यावर तेवढंच जमतं.

पाचव्या भागात नायक हरला. जाळं घेऊन लढणाऱ्या एका किरकोळ गड्यानं त्याला सम्राटासमोर वाळूत लोळवलं, आणि देवी आलीच नाही. मला राहवेना. राजारामपुरीत प्लायवूडच्या खोपट्यांचा एक नेट कॅफे होता, लोडशेडिंग नसेल तेव्हा तिथं बसून मी या मालिकेवरची वाचकांची मतं वाचायला लागले. जगभरची माणसं होती, आणि सगळी आमच्या आण्णांसारखी. एक म्हणे सम्राटानं नायकाला विकत घेतलं. दुसरा म्हणे विकला गेला तो चित्रकार, प्रकाशकानं त्याला हरवायला लावलं. तिसऱ्याला खात्री होती की चित्रकार आजारी आहे आणि कुणी मदतनीस त्याच्या नावावर चित्रं काढतोय. एकानं तर भाषांतरकारानं मधली पानं गाळली असा शोध लावला. मला स्वतःला असा संशय होता की सगळ्यात जास्त आरडाओरडा करणारे तिघं हे एकच माणूस आहेत, कारण तिघंही एकाच वेळी झोपायचे.

कॅफेवाल्याला माझाच संशय. मुलगी रोज येते आणि उघड्या बाप्यांची चित्रं बघते. तो मुद्दाम दुकानात येऊन आण्णांच्या कानावर घालून गेला.

"व्हय," आण्णा त्याला म्हणाले. "मलाच येऊन सांगती ती. तुमचं काय जातंय?"

संध्याकाळी घरी आले की ते विचारायचे, "काय म्हणत्यात लोकं?" मी सांगायचे. त्यांच्या चेहऱ्यावर समाधान पसरायचं. इतक्या लांबच्या, इतक्या शिकलेल्या माणसांनाही शेवटी कशावरच विश्वास नाही, याचा त्यांना धीर येत असावा. चित्रातल्या माणसाला नुरा म्हणताना त्यांना मजा वाटते, तशीच त्या दिवशी वाटली होती का, हे विचारायचं माझ्या ओठावर यायचं आणि मी गिळून टाकायचे.

पाचवा भाग आण्णांनी स्वतः बघितला नव्हता, मी लोकांची मतंच आधी सांगितली होती. तो त्यांनी मागितला एका सुट्टीच्या दिवशी. दादा आला होता. जेवण उरकलं होतं, तो उंबऱ्यात पाय लांब करून बसला होता, आई त्याच्या डब्यात चटणी भरत होती. आण्णांनी पुस्तक मांडीवर घेऊन पानं उलटली, तीही आता सरावानं बरोबर बाजूनं. हरण्याच्या पानावर थांबले. मागे गेले. परत पुढे आले. खूप वेळ झाला तसं मी म्हणाले, "नुरा आहे म्हणतात सगळे."

"कोण म्हणतंय?"

"वाचक."

"आंधळं हायत," आण्णा म्हणाले. त्यांनी मला जवळ बोलावलं. "हितं बघ. जाळं टाकायच्या आधीपास्नं ह्यो डाव्या पायावर भार देईना झालाय. टाच उचललीय, बघ. फिरायचं हुतं डाव्यावर आन् फिरलाय उजव्यावर. चित्र काढणाऱ्यानं सगळं दावलंय. गुडघा गेलाय ह्येचा. ही नुरा न्हाय. हरलाय त्यो. खरोखर हरलाय बिचारा."

बिचारा हा शब्द मी त्यांच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. आईचा चमचा थांबला. मी दादाकडे बघायचं टाळलं.

दादा शांतपणे बोलला, आणि मध्ये कुणाला न घेता.

"आण्णा, माझा बी गुडघाच गेलता."

आण्णा पुस्तकातच बघत राहिले.

"कागदावरच्या माणसाचा दिसला तुमास्नी. मी तर समोर हुतो."

त्या वेळी आण्णांनी काहीही म्हटलं असतं तरी चाललं असतं. नुसतं हं म्हटलं असतं तरी. मी मनातल्या मनात त्यांना विनवत होते. त्यांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला, आणि विचारलं, "मग डाक्टरकडं का गेला न्हाईस?"

दादा उठला. भिंतीचा आधार न घेता उठला, ते त्याला जड गेलं हे मला दिसलं. आईच्या हातातून डबा घेतला, चपला घातल्या आणि निघून गेला. आईनं संध्याकाळी आण्णांचा चहा केला नाही. मला आण्णांचा इतका राग आला होता की पुस्तकांचा गठ्ठा मी माळ्यावर टाकून दिला.

दोनचार दिवस तसेच गेले. मग एका सकाळी दुकानाला निघताना आण्णा माझ्यापाशी थांबले. पायात चपला घातलेल्या, हातात किल्ल्या.

"त्या लोकास्नी आपल्याला लिवता येतंय का?"

"कुठल्या?"

"ती मतं देणारी."

येतं, मी म्हणाले.

"मग लिव. म्हणावं, एक जुना पैलवान सांगतोय. पोरगा इकला गेला नव्हता. पाय गेलता त्येचा. जी माणसं वरडली, ती जवळ बसली हुती, तरी त्यांनी नीट बघितलं न्हाय. चूक त्यांची." ते थांबले. किल्ल्या या हातातून त्या हातात घेतल्या. "चूक त्यांची हे पयलं लिव."

चित्रातल्या गड्याला त्यांनी पोरगा म्हटलं होतं. मी दिवसभर त्या एका शब्दाभोवती फिरत राहिले, आणि दुपारी कॅफेत जाऊन सगळं इंग्रजीत उतरवलं, एकही वाक्य न गाळता, चूक त्यांची हे सगळ्यात वर ठेवून. लिहिताना डोळे भरून आले. शेजारच्या खोपट्यातला माणूस वाकून बघायला लागला तेव्हा पडदा ओढून घेतला. उत्तरं लगेच आली. एकानं विचारलं, पुरावा काय. दुसऱ्यानं लिहिलं की असा कुणी म्हातारा पैलवान नाहीच, हा प्रकाशकाचाच माणूस नाव बदलून आलाय. त्या एकाच वेळी झोपणाऱ्या तिघांनी मिळून त्याला दुजोरा दिला. आण्णांना मी सांगितलं की लोकांना पटलं. त्यांनी माझ्याकडे जरा रोखून बघितलं आणि विषय वाढवला नाही.

पुढच्या सुट्टीला दादा आला. येईल की नाही याची आईला धास्ती होती. आण्णा आत कॉटवर पेपर वाचत होते. मी दादाला मागच्या परड्यात नेलं आणि झालेलं सगळं सांगितलं, आण्णांचे शब्द जसेच्या तसे, पोरगा आणि चूक त्यांची, सगळं. वाटलं, आता त्याचा चेहरा उजळेल. दोन वर्षं ज्याची वाट बघितली ते वाक्य त्याला मिळालं होतं, आणि ते आणून द्यायचं काम माझ्याकडे आलं होतं.

दादानं सगळं ऐकून घेतलं. नळाखाली हात धुतले, टॉवेलला पुसले.

"ते सगळं रोमला कळवलं व्हय," तो म्हणाला. आवाज त्यानं मुद्दाम आत पोचेल इतका ठेवला होता. "मी कबनूरला असतोय की. एस.टी. जाती तिथं."

आत पेपरचं पान उलटलं नाही.