धोंड्याच्या जेवणाची टेस्ट

हसायचं असेल तर आधी हसून घ्या, मग चहा प्या. माझ्या हातून चूक होत नाही, हे पुंडलिकनगरात सगळ्यांना माहीत आहे. एक झाली. ती मीच सांगतो, म्हणजे दुसऱ्या कुणी तिखटमीठ लावायला नको.

माझी सून माधुरी घरी बसून कंपनीचे प्रोग्राम तपासते. एकदा विचारलं, "नेमकं करतेस काय?"

"मामा, गिऱ्हाइकाला मेसेज पाठवणारी एक मेथड आहे, म्हणजे प्रोग्राममधलं नाव दिलेलं एक काम. स्टॅटिक. म्हणजे जो तो तिला थेट नावानं हाक मारतो. तपासताना खरेच मेसेज गेले तर?"

"बोंब होईल."

"म्हणून प्रोग्राम चालू असतानाच त्या नावामागचं काम बदलायचं. आमची प्रोग्रामची भाषा तेवढी मोकळीक देते. नाव तेच, काम नकली. हाक मारणाऱ्याला पत्ता नाय. ह्याला मॉक म्हणतात. टेस्ट संपली की खरं काम परत जागेवर बसवायचं."

"ते काय सांगावं लागतं?" मी म्हणालो. सातवी शिकलो, आयुष्यभर ट्रक चालवला. एवढं कळायला कॉलेज कशाला?

अधिक महिना लागला होता. जावई आणि व्याही धोंड्याच्या जेवणाला येणार होते. मागच्या खेपेला आमच्या हिनं आचाऱ्याला फोनवर असं काही सांगितलं, की पुरणाचे धोंडे राहिले आणि ढोकळा आला. विहीणबाई ते अजून सोयऱ्याधायऱ्यांत सांगतात. या वेळी माझी इज्जत पणाला लागली होती.

म्हणून हिचीच टेस्ट घ्यायचं ठरवलं. हिच्या मोबाइलमध्ये 'आचारी' या नावाखाली माझ्या दोस्ताचा, टायरवाल्या रहीमभाईचा नंबर टाकला. नाव तेच, माणूस नकली. त्याला बजावलं, "आवाज बदल. ती काय मागंल त्याला व्हय म्हण."

"हौ भाईसाब. जब भी फोन आया, हौ बोलूँगा."

हिला म्हणालो, "आज नुसती तालीम. आचाऱ्याला फोन करून दाखव."

"फोन करायची बी परीक्षा? मला बघायला आला तवा घ्यायची राहिली व्हती का?"

पण केला. धोंडे, कटाची आमटी, भजी, सगळं बिनचूक सांगितलं. पलीकडून जाड आवाज आला, "हौ बाई, हो जाएगा."

पास. म्हणालो, "उद्या खरा फोन कर."

तिनं केला. "व्हय म्हणाला," म्हणाली. मी निर्धास्त.

जेवणाच्या दिवशी पाहुणे पाटावर बसले. आचाऱ्याचा पत्ता नाय. हिचं तोंड उतरलं. "मी सांगितलं व्हतं, देवाशपथ." विहीणबाई गालात हसत होत्या.

मी हिचा मोबाइल घेतला. स्पीकर लावला. माणसाला कसं झाडायचं, ते जावयानंही ऐकावं.

"का रे, लाज वाटती का? पाहुणे उपाशी बसलेत. अर्ध्या तासात धोंडे आले नाय, तर क्रांती चौकात उलटा टांगीन."

"हौ साब, हो जाएगा." मग आवाज बदलला. "भाईसाब, तुम हैं क्या? वा, क्या गुस्सा किए, एकदम असली लगा. ये तालीम और कित्ते दिन चलेगी?"

माधुरीनं माझ्याकडं एकदा पाहिलं आणि गुमान बेसनाचा डबा काढला.

जावई मान खाली घालून पिठलं-भाकरी जेवला. निघताना विहीणबाई दारात थांबल्या.

"व्याही, तालीम लई छान झाली. खऱ्या जेवणाला कधी येऊ?"