पायाळू बायजा

बायजा जन्मली ती पायांकडून, आणि तेवढ्या भांडवलावर कळव्याच्या कोळीवाड्यात तिने चाळीस वर्षं मान मिळवला. पायाळू माणसाचा पाय लागला की उसण उतरते, म्हणून लोक सकाळी उपाशीपोटी तिच्या उंबऱ्यावर पालथे पडायचे. बायजा पाठीला तीनदा अलगद पाय लावायची. तोरा मात्र असा, की मोठ्या डॉक्टरनेही अदबीने उभं राहावं.

तिची धाकटी जाऊ चंद्रभागा अडुसष्ट वर्षांची. एका सकाळी ती उंबऱ्यावर पडल्या पडल्या म्हणाली, "गोंजारतेस काय गो? जोर नाय राहिला तुझ्या पायान?"

झालं, बायजाला ते झोंबलं. तिने सगळा भार टाकला. चंद्रभागाचा श्वास अडकला आणि तिला उठता येईना.

ठाण्याच्या इस्पितळात डॉक्टरांनी एक्स-रे बघितला. "मणका दबलाय. हाडं ठिसूळ झालीत. पडलात का आजी?"

"मोरीत घसरले," चंद्रभागा म्हणाली.

"फार निसरडी हो आमची मोरी," बायजाने वर जोडलं. आणि त्याच क्षणी तिला स्वतःची किळस आली.

मोठं कापायचं नव्हतं. पाठीतून सुईने आत जायचं, दबलेल्या मणक्यात इवलासा फुगा फुगवायचा आणि झालेल्या पोकळीत हाडाचं सिमेंट भरायचं. दुसऱ्या दिवशी चंद्रभागा चालली. सगळे खूश झाले. जावेने शिव्या घातल्या असत्या तर बरं, असं बायजाला मात्र वाटे. पण ती हसून बोलायची.

घरी आल्यावर शेजारची दर्शना भेटायला आली. "चंद्रामावशी, बायजामावशीचा पाय लावून घेतला असता तर सिमेंट कशाला लागलं असतं?" मग बायजाकडे वळून म्हणाली, "उद्या सासूला आणते हां. पंधरा दिवस कंबर धरलीय."

चंद्रभागाने डोळ्यांनीच बायजाला दटावलं. आपला गुडघा दुखतोय म्हटलं असतं तरी भागलं असतं. पण दर्शनाच्या सासूची काटकुळी पाठ बायजाच्या डोळ्यांपुढे आली.

"तिला डॉक्टरकडं ने, आधी पाठीचा फोटो काढ," ती म्हणाली. "हिचा मणका मोरीत नाय मोडला. माझ्या पायान मोडला."

दर्शना आधी हसली. मग चंद्रभागाचा चेहरा बघून अर्धा चहा टाकून उठली. संध्याकाळपर्यंत ही बातमी अख्ख्या कोळीवाड्यात पसरणार होती.

"कशाला बोललीस गो?" चंद्रभागा कळवळली. "मी मरेपर्यंत कुणाला सांगितलं नसतं."

"तेच तर मना सोसत नव्हतं," बायजा म्हणाली.