निळ्या साल्व्हियावरचं तंबाखूचं पाणी

टिळकवाडीत राहायला आलो तेव्हा मागच्या अंगणात नुसती फरशी होती. कुंपणाच्या भिंतीलगतच्या पाच-सहा फरश्या मी काढून घेतल्या आणि तिथे निळा साल्व्हिया लावला. शाळेतल्या एका सहकारी बाईंनी एकच झाड दिलं होतं, त्याची मी ओळभर झाडं केली. फूल न आलेला कोवळा शेंडा पेराच्या जरा खाली कापायचा, खालची पानं काढायची, वाळू आणि कोकोपीटमध्ये खोचायचा, वर अर्धी कापलेली पाण्याची बाटली उपडी घालायची. तीनेक आठवड्यांनी शेंडा हलकेच ओढून बघायचा. हाताला जरा अडकल्यासारखं लागलं की मूळ धरलं म्हणायचं. ते अडकणं बोटांना कळलं की माझा सगळा दिवस चांगला जायचा.

भिंतीपलीकडे शेजारचे काका आणि काकू. काका मूळचे खानापूरकडच्या शेतकरी घरातले, फौजेतून निवृत्त झालेले. त्यांच्याकडे सातेरी मधमाश्यांची एक पेटी होती. माझा साल्व्हिया फुलला तसा त्यांच्या माश्यांनी भिंतीवरून रस्ताच पाडला. काका खुर्ची टाकून बघत बसायचे.

"बाई, पोरी सकाळपास्नं तुमच्याकडंच हैत," ते भिंतीवरून ओरडून सांगायचे.

पहिल्या वर्षी त्यांनी मधाची बाटली आणून दिली. आम्ही जैन, आमच्यात मध खात नाहीत. तसं सांगितल्यावर ते ओशाळले. दुसऱ्या दिवशी गावाकडून आलेली जांभळं घेऊन आले आणि म्हणाले, "ह्याला तरी न्हाय म्हणू नका." त्यानंतर ते दर वर्षी जांभळं द्यायचे.

मग एका वर्षी पांढरी माशी आली. झाडाला हात लावला की पिठासारखी उडायची. शाळेच्या बागेसाठी मी चाळीस रोपं कबूल केली होती. रोपं तयार होती, पण मोठ्या झाडांवरची कीड त्यांच्यावर उतरायला लागली होती. माझं माहेर निपाणीचं, घरात तंबाखूचा व्यापार. मी थोरल्या भावाला, अण्णांना, फोन केला. त्यांनी तंबाखूची भुकटी पाठवून दिली आणि बजावलं, "भिजवून, गाळून, पातळ करून मार. पण फुलं हैत का झाडावर? मग थांब गं. आधी तुरे काप. आणि मारायचंच झालं तर दिवस मावळताना मार. लई जहाल असतंय ते."

मी सगळं ऐकलं होतं. हे मुद्दाम लिहिते, कारण पुढे बरेच दिवस मी स्वतःला 'मला कुठे ठाऊक होतं' असं सांगत होते.

तो रविवार होता. दहाच्या बसने निपाणीला भाचीच्या बाळाच्या बारशाला जायचं होतं, रोपं मंगळवारी द्यायची होती. तुरे कापणं माझ्या जिवावर आलं, इतके भरून आले होते. सकाळी आठ वाजता, नवी साडी पिना लावून वर खोचून, मी पंप मारला. पाणी पातळही केलं नव्हतं. दोन-तीन मधमाश्या तुऱ्यांवर होत्या. त्या उडून गेल्या, मला वाटलं झालं.

सोमवारी शाळेतून आले तर काका पेटीपुढे उकिडवे बसलेले. जमिनीवर माश्या पडल्या होत्या. काही मेलेल्या, काही नुसत्या गरगर फिरणाऱ्या.

"काय झालं असंल ओ बाई?"

"ऊन फार आहे," मी म्हणाले.

माझ्या घरात दिवे लागायच्या आत जेवणं होतात, ताटात किडामुंगी येऊ नये म्हणून. त्या दिवशी मी जेवायला बसले आणि उठले.

काकांनी साखरेचं पाणी ठेवलं, पेटी सावलीत हलवली. दोन आठवड्यांत उरलेल्या माश्या पेटी सोडून निघून गेल्या. भिंतीपलीकडून काकूंचा आवाज यायचा, "सारखी उघडून बघायची खोड तुमची! तुम्हीच घालवलासा त्यास्नी." काका नुसतं पेटीचं झाकण लावायचे. पुढे त्यांनी रिकामी पेटी गावाकडे धाडून दिली. उन्हाळ्यात मात्र जांभळं घेऊन आलेच. मी ती घेतली.

वर्ष असंच गेलं. मग एकदा काकू माझ्याच अंगणात उभ्या राहून मला सांगायला लागल्या की ह्यांनी स्वतःच्या हाताने माश्या मारल्या, आणि काका पलीकडे खाली मान घालून ऐकत होते. ते मात्र मला सोसवलं नाही. काकू बाजाराला गेल्यावर मी काकांच्या दारात गेले आणि उभ्या उभ्याच सांगितलं.

मग त्यांनी विचारलं, "किती वाजता मारलासा?"

"सकाळी आठला."

"फुलं व्हती?"

"होती. अण्णांनी नको म्हणून सांगितलं होतं."

त्यांनी मान हलवली. रागावले असते तर बरं झालं असतं. ते इतकंच म्हणाले, "हिला पण सांगा. मी सांगितलं तर तिला पटायचं न्हाय."

म्हणून मी थांबले. काकू पिशवी घेऊन आल्या, त्यांच्या स्वयंपाकघरात मी तेच सगळं पुन्हा सांगितलं. त्या भाजी निवडायच्या थांबल्या. माझ्याकडे त्यांनी बघितलंच नाही, नवऱ्याकडे बघितलं. "वरीसभर बोलत हुते मी तुम्हाला," त्या म्हणाल्या, आणि त्यांना रडू आलं. मी तिथून निघाले तेव्हा काका त्यांना पाणी देत होते.

आम्ही बोलतो अजून. पाणी आलं का, गॅसवाला येऊन गेला का, असं. काकांनी नवी पेटी आणली नाही. जांभळंही नंतर आली नाहीत, आणि मला ते बरोबर वाटतं. साल्व्हिया मी ठेवलाय. कीड दिसली की तुरे कापते आणि पानं पाण्याने धुते, निम्मी झाडं गेली तरी.

शाळेतल्या बायका अजून कटिंग मागायला येतात आणि पांढऱ्या माशीवर उपाय विचारतात. मी त्यांना सांगते, फुलावर काही मारू नका, आमच्या ओळखीच्या एका बाईंनी मारलं आणि शेजाऱ्यांच्या सगळ्या मधमाश्या गेल्या. ती बाई मीच, हे मी शाळेत अजून कुणाला सांगितलेलं नाही.