लॉर्डमास्तरांची राणी

लॉर्डमास्तरांनी मला नववीच्या अख्ख्या वर्षात एकदाच मारलं. बाकीच्यांना रोज. यावरून त्यांचा माझ्यावर फार जीव होता असं कुणाला वाटेल, तर छे! त्यांच्याइतकं मला शाळेत कुणी रडवलं नाही. आणि मी त्यांना जसं बुडवलं तसं दुसऱ्या कुणालाच बुडवलं नाही, हेही आधीच सांगून टाकते.

गुजरातेत, बमरोलीतल्या आमच्या मराठी शाळेत ते नागरिकशास्त्र शिकवायचे. मूळचे अमळनेरकडचे, बायको वारलेली, मूलबाळ नाही. वर्गातली आम्ही सगळी लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, काम करणाऱ्यांची पोरं. कुणा पालकाने दिलेला लूमचा झिजलेला, आडवा धागा नेणारा धोटा त्यांच्या टेबलावर असायचा. दोन्ही टोकांना लोखंडी टोपण, मध्ये गुळगुळीत लाकूड. बोटांच्या पेरांवर तो बसला की ब्रह्मांड आठवायचं. मारताना म्हणायचे, "बापाच्या नशिबी हा धोटा आहे. तुझ्या नशिबी नको असेल तर हात पुढे कर." यातलं प्रेम कळायला मला पंधरा वर्षं लागली. मार कळायला मात्र काही लागायचं नाही.

इंग्लंडची राज्यपद्धती शिकवायची वेळ आली तेव्हा त्यांनी पुस्तक मिटलं आणि वर्गाचंच राज्य केलं. पहिला प्रश्न, राणी कोण? त्यांनी मला उभं केलं आणि विचारलं, राजा असूनही लोकशाही कशी असते? घरी आम्ही अहिराणी बोलायचो. घाबरून तोंडातून निघालं, "माले माहीत नही." वर्ग खदाखदा हसला. सर हसले नाहीत. त्याहून वाईट केलं. म्हणाले, "बस, हीच राणी. राणीला अक्कल लागत नाही, सही लागते. सही येते ना ग तुला?"

मग निवडणूक झाली. बहुमत भूषणच्या मागे, म्हणून मी त्याला बोलावून म्हणायचं, "सरकार बनवा." तो पंतप्रधान. त्याने निवडलेले पाच जण मंत्री: फळ्याचा, पाण्याचा, खिडक्यांचा वगैरे. हरलेले समोरच्या बाकांवर, विरोधी पक्ष. ठराव वर्गाने करायचा, मंत्र्यांनी राबवायचा, पण माझी सही झाल्याशिवाय तो कायदा नाही. आणि सर कोण? "मी वरचं सभागृह, लॉर्ड. तुमचा ठराव मी अडवणार नाही, फार तर लांबवीन." तेव्हापासून ते लॉर्डमास्तर.

राणीच्या हक्काचं त्यांनी मला एकदाच सांगितलं. "हुकूम देता येणार नाही. सही टाळता येणार नाही. पण सहीआधी पंतप्रधानाला बाजूला घेऊन म्हणता येईल, बाबा रे, सांभाळ, हे बरं नव्हे. एवढंच काय ते तुझ्या हाती."

माझे खरे हाल झाले ते पुढच्या नियमाने. राणीचा दोष कधीच नसतो. तिच्या नावाने जे होतं त्याचा जाब मंत्र्याने द्यायचा. म्हणजे उत्तर माझं चुकायचं आणि धोटा भूषणच्या बोटांवर पडायचा. मी रोज चुकायचे. तो रोज मार खायचा आणि जागेवर बसताना माझ्याकडे असं बघायचा की मला वाटायचं, मेली जाऊ दे ही गादी, मलाच चार फटके द्या. तसं एकदा धीर करून म्हटलंही. सर म्हणाले, "मुकुटाला फटका बसत नाही. खाली बस."

भूषणने सूड उगवायला राज्यघटनाच वापरली. अधिवेशनाच्या सुरुवातीला राणी भाषण वाचते आणि ते सरकारने लिहिलेलं असतं. त्याने लिहून दिलं. मी उभी राहून वाचू लागले, "माझं सरकार फळा रोज पुसेल. माझं सरकार माठ रोज भरेल. माझ्या सरकारची राणी गाढव आहे आणि तिला..." मी थांबले. सरांकडे बघितलं. ते खुर्चीत रेलून म्हणाले, "वाच. भाषणातला शब्द राणीला बदलता येत नाही." मी वाचलं. आणि सर हसले. तोंडावर रुमाल धरून, पण हसले. तो रुमाल मी अजून विसरले नाही.

गादीचं एकच खरं काम माझ्याकडे होतं. सरांच्या अंगात रक्त नव्हतं. वैद्यांनी त्यांना द्राक्षासव दिलं होतं. महिन्यातून एकदा नाक्यावरच्या आयुर्वेदिक दुकानातून ती काळी बाटली मी आणायचे. मधल्या सुट्टीनंतर सर दोन झाकणं पाण्यात घालून प्यायचे आणि तासभर त्यांच्या तोंडाला आंबूस गोड वास यायचा. तो कशाचा हे वर्गात एकटी मी जाणत होते.

दिवाळीनंतर सरांनी विचारलं, राणी पंतप्रधान कुणाला नेमते? मी म्हटलं, तिला आवडेल त्याला. "बहुमत असेल त्याला!" सर ओरडले आणि धोटा असा बसला की भूषणच्या मधल्या बोटाचं नख काळंनिळं पडलं. आठवड्याने ते गळून पडलं.

त्यानंतर वर्गाने ठराव केला, शिक्षणखात्याच्या साहेबांकडे तक्रार करायची. पण मारण्याबद्दल लिहून काय उपयोग? आमचे बापच म्हणायचे, मारतात तर शिकवतातही. भूषण हुशार. त्याने लिहिलं, सर दारू पिऊन वर्गात येतात. गुजरातमध्ये एखाद्याला उठवायचं तर यापरतं दुसरं वाक्य नाही. इथे दारूबंदी आहे. नोकरी तर जातेच, पोलीसही येतात. सगळा वर्ग हो म्हणाला. वास सगळ्यांना यायचा ना!

कागद माझ्यापुढे आला. मी सबंध वाचला. भूषण शेजारीच उभा होता. 'बाबा रे, सांभाळ, ते औषध आहे,' एवढं म्हणायचं होतं. तो रुमाल आठवला. सही केली.

चार दिवसांनी साहेब आले. कागद उंच धरून, ही सही कुणाची, असं त्यांनी गुजरातीत विचारलं, "आ सही कोनी छे?" मी उभी राहिले. खरं सांगते, त्या क्षणी मी बोलणार होते. तोंड उघडलंही होतं. तेवढ्यात सरच म्हणाले, "साहेब, तिला विचारू नका. राणी उत्तर देत नाही. तिच्या वतीने मंत्री देतात." भूषणने उत्तर दिलं. साहेबांनी बाटली हुंगली आणि कागदात गुंडाळून नेली. मी खाली बसले. मला बरं वाटलं. लाज वाटते, पण तेव्हा वाटलं.

चौकशीत काही निघालं नाही असं नंतर ऐकलं. पण पिणारा मास्तर हे नाव एकदा चिकटलं ते चिकटलं. ते परत वर्गावर आले नाहीत. गावी भावाकडे राहिले, म्हणे. गेल्या महिन्यात वर्गाच्या फोनवरच्या ग्रुपवर भूषणनेच निरोप टाकला, सर गेले. खाली हात जोडल्याची चित्रं चाळीस. आता त्याचे स्वतःचे लूम आहेत. मी जवळच्याच सचिन औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात हजेरीचे आणि सुट्टीचे कागद बघते. प्रत्येक कागद खालपर्यंत वाचते, म्हणून बायका मला चिडवतात.

शाळेतल्या त्यांच्या शेवटच्या दिवशी सर सामान न्यायला आले होते. पिशवीत डबा, दोन पुस्तकं, धोटा. फाटकापाशी मी दिसले तसे थांबले.

"सही न वाचता केलीस ना, पोरी?" त्यांनी विचारलं. आवाजात जवळजवळ विनवणी होती. मी हो म्हटलं असतं तर आमच्या राज्याप्रमाणे मी सुटले असते आणि तेही सुखाने गेले असते.

"वाचून केली सर," मी म्हटलं. "बाटलीत काय होतं तेही ठाऊक होतं."

सरांनी पिशवीतून धोटा काढला.

"हात पुढे कर," ते म्हणाले.

मी केला. त्यांनी जोरात मारलं, भूषणला मारायचे तितकंच.