जाळ्याआडची पिल्लं

“आधी बघ, मंग बोल!” डोक्यावरची थर्मोकोलची पेटी आमच्या दारात टेकवून, झाकण बाजूला करून, कमरेवर हात ठेवून ती हे म्हणायची. भाव विचारायला उघडलेलं माझं तोंड तसंच राहायचं. मग मी मुकाट्याने खाली वाकून पापलेटाचे कल्ले बघायचे.

पाचूबंदरच्या कोळीवाड्यातून दोन रिक्षा बदलून ती आमच्या आचोळ्याच्या सोसायटीत मासळी विकायला यायची. मी तिला मावशी म्हणायचे आणि ती मला टीचर. मी ‘तुम्ही’, ती ‘तू’. तुमच्याकडेही अशी एखादी येत असेल. पण तुमच्या मावशीने तुमची आयुष्यभराची विद्या एका बादलीत बुडवली नसेल, माझ्या मावशीने बुडवली.

मी शाळेत जीवशास्त्र शिकवायचे. निवृत्त झाले तेव्हा मुलाने हौसेने माशांची काचेची टाकी आणून दिली, आत केशरी मॉली. मॉलीची मादी अंडी घालत नाही, थेट जिवंत पिल्लं देते, हे मी वर्षानुवर्षं फळ्यावर चित्र काढून शिकवलेलं. पण घरच्या टाकीत तीनदा तिचं पोट फुगलं, तीनदा उतरलं, आणि पिल्लू औषधालासुद्धा दिसलं नाही. बाकीच्या माद्या एकेक करून गेल्या, एक म्हातारी उरली. आमच्या ह्यांनी फर्मान काढलं, “ही शेवटची संधी. या खेपेला पिल्लं जगली नाहीत तर टाकी जाणार आणि तिथे माझी आरामखुर्ची येणार.”

मग मी शहाणपणा केला. पिल्लं टाकीबाहेर व्हावीत म्हणून मादीला दोन दिवस गॅलरीतल्या बादलीत वेगळं ठेवलं आणि परत टाकीत सोडलं. चार-पाच दिवसांनी बादलीत बघते तर काय, बारीक बारीक जीव वळवळतायत! मी तर उडीच मारली. उकडलेल्या अंड्याचा बलक चिमटीने कुस्करून त्यांना घालू लागले. मादीचं पोट उतरल्यासारखंही मला वाटायला लागलं. माणसाला हवं तेच दिसतं हो. सगळ्या मजल्यावर मी पेढे वाटायचेच काय ते बाकी होते.

पावसाळ्याची मासेमारी बंदी चालू होती, त्यामुळे मावशी सुकट आणि सुके बोंबील घेऊन आली होती. मी तिला हाताला धरून गॅलरीत नेलं आणि म्हटलं, “मावशी, बघा माझी पिल्लं.”

ती वाकली. एवढा वेळ बघत राहिली की मला वाटलं, गहिवरली. मग पदर तोंडाला लावला आणि जी हसत सुटली!

“अगो टीचर, हे मासे नाय, डास हायत! तू डास पालतेस!”

“काहीतरीच काय!”

“आधी बघ, मंग बोल. मासा पान्यात आडवा रेतो. हे बघ, शेपूट वर करून उलटे टांगलेत. आन् डोले कुठं हायत? मासा जन्मला का आधी डोले दिसतात, दोन काले ठिपके. बाकी आंग मागाहून.”

तिचं खरं होतं. हेच चित्र, डासाची अळी, मी फळ्यावर काढायचे. आतून ह्यांचा आवाज आला, “तरीच आठवडाभर मला फोडून काढतायत! आणि ही त्यांना अंडी खाऊ घालतेय!” मी त्या दिवशी जेवताना मान वर केली नाही.

पण मावशी टाकीपाशी थबकली होती. “ही अजून पोटुशी हाय,” म्हणाली. “पोट डब्यासारखं चौकोनी झालंय. चार-आठ दिसांत देल. आधीची पिल्लं हिनंच खाल्ली असतील. मोठा मासा बारक्याला खातो, आई असली तरी.”

मग ती लादीवर बसली आणि तिने आजवर कधी न सांगितलेली गोष्ट सांगितली. मुशी, म्हणजे आपला लहान शार्क, तीही पिल्लंच देते. लग्नानंतर पहिल्याच वर्षी मावशीने बाजारात एक मुशी कापली, तर आत पिल्लं हलत होती. गिऱ्हाईक समोर उभं, घाई करतंय. “कापली मी,” ती म्हणाली. “काय करनार? धंदा हाय. पन टीचर, इतकी वर्सं झाली, माझ्या हातातून एक मासा जिता पान्यात गेला नाय. ही पिल्लं जगवायची आपन.”

ऐकून मला खुर्ची-बिर्ची सगळं विसरायला झालं. मला तिच्यासाठी ती पिल्लं जगायला हवी होती.

दोन दिवसांनी ती जुन्या नायलॉनच्या जाळ्याचा एक तुकडा घेऊन आली. गोड्या पाण्यात तीनदा धुतलेला, खारटपणा उरला नाही हे जिभेला लावून पाहिलेला. त्याच्या डोळ्यातून, म्हणजे विणीच्या भोकातून, तिने करंगळी घालून दाखवली. “पिल्लू जाल, आई नाय जानार.” तो तुकडा चुरगळून तिने टाकीच्या कोपऱ्यात दगडाखाली दाबला आणि ह्यांना बजावलं, “आता हितं बंदी हाय. नारली पुनवेपर्यंत कोनी हात घालायचा नाय.” हे तिला घाबरून चक्क “हो” म्हणाले.

पुढच्या खेपेला ती आली, चप्पल काढली आणि टाकीकडे बघून ओरडली, “पंखा बंद कर!” पाणी वाऱ्याने हलत होतं म्हणून. मला काही म्हणजे काही दिसत नव्हतं. ती नाक काचेला टेकवून बसली. जवळ्याच्या ढिगातून नखाएवढी मासळी वेचण्यात जन्म गेलेला तिचा. “एक… तीन… सात…” बोट सरकत गेलं. “तेरा.”

आणि मग मलाही दिसलं! जाळ्याच्या धाग्यांमध्ये दोन काळे ठिपके, त्यांच्यामागे काचेसारखं अंग, आडवं. नंतर आणखी दोन ठिपके. मी, चाळीस-चाळीस पोरांचे वर्ग गप्प करणारी बाई, अक्षरशः किंचाळले. हे धावत आले.

लगेच सगळं सुरळीत झालं असं समजू नका. माझ्या मायेला ऊत आला, मी बलक घालत सुटले आणि पाचव्या दिवशी पाणी दुधासारखं झालं. पाच पिल्लं गेली. मला वाटलं, मावशी आता फाडून खाणार. ती नुसतं म्हणाली, “भूक त्यांची बघायची, आपली नाय.” आम्ही आदल्या दिवशी भरून ठेवलेलं शिळं पाणी घालून टाकीतलं थोडं थोडं पाणी बदललं. सुका जवळा कुटून, फडक्यातून चाळून, त्याची पूड चिमटीच्या टोकावर येईल एवढीच, दिवसातून चारदा घालायची, असं ठरलं. ते वेळापत्रक ह्यांनी स्वतःच्या हाताने लिहून फ्रिजवर चिकटवलं. गॅलरीतल्या बादलीतले डास म्हाताऱ्या मॉलीला खाऊ घालायचं कामही ह्यांनीच मागून घेतलं. सूड उगवल्याचा आनंद काही वेगळाच असतो.

उरलेली आठ वाढली. अंगावर केशरी रंग चढला.

नारळी पौर्णिमेला मावशी नवं लुगडं नेसून, अबोलीची वेणी माळून सकाळीच हजर. संध्याकाळी दर्याला नारळ द्यायचा होता, पण आधी आमची टाकी. तिने बाही सारली आणि ते जाळं अलगद वर काढलं. आठही जणं सुळकन मोकळ्या पाण्यात आली आणि थेट म्हातारीच्या तोंडासमोरून गेली. म्हातारीने पाहिलं आणि तोंड फिरवलं. एवढा घास आता तिला झेपणार नव्हता!

“गेली!” मावशी म्हणाली. “माझ्या हातानं जिती गेली!” आणि ओल्या हातांनीच तिने मला मिठी मारली. ह्यांनी टाळ्या वाजवल्या. शेजारीण बघायला आली तर तिलाही पेढा मिळाला, आता खराखुरा.

आता मावशी येत नाही. गुडघे गेले. तिची सून मासळी आणते, मासळी ताजी असते, पण मला कोणी “आधी बघ” म्हणत नाही. सकाळी दहाला, मावशीच्या वेळेला, बेल वाजली की अजूनही मी आधी पंखा बंद करते.

मागच्या महिन्यात पाचूबंदरला तिच्या घरी गेले. ओट्यावर, तिच्या खाटेला लागूनच, तिची ती जुनी थर्मोकोलची पेटी होती. वर्षानुवर्षं बर्फात मेलेली मासळी वाहिलेली. आता तिच्यात स्वच्छ पाणी होतं, कोपऱ्यात जाळ्याचा तुकडा होता आणि मी मागे दिलेल्या मॉलीच्या जोडीचा संसार होता. रस्त्याने जाणाऱ्या एका बाईने विचारलं, “मावशी, हे कसे दिले?”

“इकायचे नाय,” मावशी म्हणाली.

जाळ्यात नवी पिल्लं होती. मी गुडघे टेकले, श्वास रोखला, नीट बघितलं. मगच बोलले, “अकरा!”

ती खाटेवरून उठलीसुद्धा नाही. तिथूनच बोट केलं, अगदी पेटीच्या तळाशी.

“बारा.”