दोन राष्ट्रप्रमुखांचं लग्न

पनवेलच्या शाळेच्या पटांगणात एका दुपारी मी राणी झाले होते. साधीसुधी नव्हे, एका अख्ख्या राष्ट्राची राणी, आणि शेजारच्या राष्ट्राच्या अध्यक्षावर माझं प्रेम होतं. ही हकिगत मी इतक्यांदा सांगितली आहे की घरातले लोक आता उठून जातात. पण सांगताना अंगावर काटा येतो, तो अजून येतोच.

नाटक लिहिलं होतं कोर्टातल्या एका कारकुनानं. स्वातंत्र्य नवं होतं, वर्तमानपत्रांत रोज कुठले ना कुठले पंतप्रधान विमानातून उतरत होते, आणि या गृहस्थांना राजकारणाचं अजीर्ण झालं होतं. दोन राष्ट्रं, मधे खाडी, दोन्ही काठांवर सैन्य. तहाची बोलणी करता करता राणीचं आणि अध्यक्षाचं जुळतं. मग हेर, चोरलेला नकाशा, विष घातलेलं सरबत, सगळं ओळीनं येतं. राणीचा मुख्य प्रधान हे लग्न मोडायला कट रचतो, कारण राणी सासरी गेली की राज्यही तिच्यामागून जाणार, असं त्याचं म्हणणं. तालमीला आम्ही हसून हसून बेजार व्हायचो. कारकून मात्र हसायचे नाहीत.

मुख्य प्रधान झाला होता माझा थोरला भाऊ. अध्यक्ष झाला होता दवाखान्यातला कंपाउंडर.

मी तेव्हा मुलींच्या शाळेत शिकवत होते. लग्न होऊन वर्ष सरायच्या आत कपाळ पांढरं झालं होतं, आणि सासरहून मला आणायला भाऊच आला होता. त्यानंच मला पुढे शिकवलं, त्यानंच नोकरीला लावलं. कंपाउंडर सडाफटिंग, बोलायला कमी, वागायला सरळ. तालमी निम्म्यावर आल्या असताना तो एक दिवस भावाकडे आला आणि त्यानं मला मागणी घातली. भाऊ म्हणाला, "पाहू."

मराठी घरात वाढलेल्या माणसाला "पाहू" म्हणजे काय ते सांगायला नको. तो गेल्यावर भाऊ मला म्हणाला, "माझी मुलगी लग्नाला आली आहे. तुझं दुसऱ्यांदा लग्न लावलं तर तिला कोण करून घेईल? नाटक होऊ दे, मग हा विषय बंद."

मला कंपाउंडर हवा होता. पण ज्या भावाचं मीठ खाल्लं, त्याच्याशी भांडू कुठल्या तोंडानं? वाईट माणसाशी भांडता तरी येतं. मी तालमीला जात राहिले, आणि आतल्या आत धुमसत राहिले.

तालुक्याला आमंत्रणं गेली होती, मांडव ठरला होता, त्यामुळे नाटक रद्द करणं शक्य नव्हतं. पण तिसऱ्या अंकात राणीचं आणि अध्यक्षाचं लग्न होतं. भावानं त्या प्रवेशापुरता कायदा केला. मंगलाष्टका शेवटपर्यंत म्हणायच्या नाहीत, अक्षता वाटायच्या नाहीत, हार घालायचे नाहीत. अंतरपाट खाली यायच्या आत प्रधानानं पाठवलेल्या कटवाल्यानं पिस्तूल घेऊन शिरायचं. "खेळातसुद्धा पुरं लग्न लागता कामा नये," तो म्हणाला. ते कुणासाठी होतं, हे मला कळत होतं.

गॅसबत्त्यांचा भरवसा नसल्यामुळे नाटक दुपारी ठेवलं होतं. पुढे खुर्च्यांवर वकील, डॉक्टर, व्यापारी. मागे जमिनीवर पळस्प्याकडच्या आणि खाडीपलीकडच्या गावांतल्या आगरी बायका. बाजार आटोपून टोपल्यांसकट आलेल्या. त्यांच्यात एक धवलारीण होती. आगऱ्यांच्या लग्नात ही बाई धवले गाते, आणि तिच्या गाण्यानंच लग्न लागतं. सुकलेली, ठेंगणी, हिरव्या लुगड्यातली. मी तिला त्याआधी ओळखतही नव्हते.

तिसरा अंक आला. अंतरपाट धरला. पलीकडे अध्यक्षांच्या फक्त वहाणा दिसत होत्या. मंगलाष्टका रंगात आल्या, आणि ठरल्याप्रमाणे कटवाला ओरडला, "थांबा, हे लग्न होणार नाही," आणि त्यानं पिस्तुलातली टिकली फोडली. पुढच्या खुर्च्यांनी टाळ्या दिल्या.

मागून धवलारीण उठली. घाई नाही, राग नाही. सरळ चालत आली आणि मंचावर चढली.

"तू बस खाली, बाबा," ती कटवाल्याला म्हणाली. मग आम्हां सगळ्यांकडे बघून, "अंतरपाट धरलाय, नवरी उभी हाय. खेल असला तरी लगीन अर्ध्यावर सोडीत नाय. पोरीचा वाईट व्हतं."

कटवाला खरोखरच खाली बसला. आणि ती गाऊ लागली.

तो आवाज मी कसा सांगू? गोड नव्हता. जमिनीतून यावा तसा यायचा. कर्नाळ्याच्या डोंगरापासून खाडीच्या तोंडापर्यंत एकेका देवाला तिनं नाव घेऊन लग्नाला बोलावलं. मग नवरानवरीची पाळी आली. ते दोन राज्यांचे धनी, हे ती विसरली नव्हती. कोणी कोणाच्या घरी नांदायचं, हा प्रश्न तिनं गाण्यातच सोडवला: मिठागराच्या बांधावर घर बांधा, दोन्हीकडचं पाणी दिसेल. कारकून विंगेत तोंड उघडं टाकून उभे होते. मागच्या बायकांनी सूर धरला. खुर्च्यांवरचे लोक कधी उभे राहिले, मला कळलंही नाही. इतके देव एका वेळी माझ्यासाठी कुणी बोलावले नव्हते.

अंतरपाट खाली आला. टोपल्यांतले तांदूळ आमच्यावर पडू लागले. कंपाउंडरचा चेहरा ओला होता.

धवलारणीनं गाणं थांबवलं. "नवरीचा भाऊस कोन हाय? कान पिलाया नको?"

सगळं पटांगण माझ्या भावाकडे बघू लागलं. खरं तर नवऱ्याचा कान पिळतो धाकटा भाऊ, आणि मग नवऱ्याकडून हवं ते मागून घेतो. पण मला भाऊ हा एकच. तो जरीचा फेटा आणि चिकटवलेल्या मिशा लावून उभा होता. "हा खेळ आहे, बाई," एवढं म्हणून त्याला हात झटकता आले असते.

तो चालत आला. त्यानं अध्यक्षांचा कान धरला आणि असा पिळला की ते वाकले. बायका हसल्या.

"आता मांग काय पायजे ते," धवलारीण म्हणाली.

भावानं कान सोडला नाही. तसाच खाली वाकून, आम्हां दोघांनाच ऐकू जाईल एवढ्या आवाजात तो म्हणाला, "हिच्या आधी मरू नकोस. बाकी काही नको."