गाण्यातली मोटर

लिहिणे हे माझे काम नव्हे. माझे आयुष्य इतरांचे निबंध लाल शाईने तपासण्यात गेले. आता निवृत्तीनंतर स्वतः लिहायला बसावे, तर प्रत्येक वाक्याखाली मलाच आधी रेघ दिसू लागते. तेव्हा या धाडसाबद्दल वाचकांनी मला क्षमा करावी. ज्यांना चांगले लिहिता येते त्यांपैकी कुणीही आमच्या घरमालकांच्या जीपमध्ये बसलेले नाही आणि मी बसले आहे, एवढ्याच अधिकारावर मी हे सांगते आहे. भीमाशंकरापासून शिवनेरीपर्यंतच्या मुलखात आमच्या घरमालकांइतका चौकस मनुष्य दुसरा झाला नसेल. मुंग्या भिंतीवरून सरळ का चढत नाहीत, कीर्तनकार नेमके कोणत्या वाक्यानंतर पाणी पितात, शेजाऱ्याच्या कांद्याची पात उगवतीकडेच का कलते, यांतला कोणताही प्रश्न त्यांना जेवणावरून उठवू शकत असे. पण या साऱ्या चौकसपणाचा खरा रोख होता तो त्यांच्या दोन मुलींवर. ऐकलेले गाणे माणसाच्या आत कुठे जाते आणि तिथे त्याचे काय होते, एवढेच त्यांना या जन्मी कळून घ्यायचे होते.

महाळुंगे पडवळला त्यांच्या घराच्या एका बाजूच्या दोन खोल्या मी भाड्याने घेतल्या, तेव्हा नव्वदचे दशक नुकतेच लागले होते. त्यांची कांद्या-बटाट्याची शेती होती, एक म्हातारी जीप होती आणि त्या जीपमध्ये जीपपेक्षा तरुण असा टेपरेकॉर्डर होता. रोज सकाळी ते मुलींना आणि मला शाळेत सोडत. एकटीने एस.टी.ची वाट पाहण्याची सवय असलेल्या मला ही सोय इतकी अवघड वाटे, की पहिले कित्येक दिवस मी "नमस्कार" आणि "येते" यांखेरीज तिसरा शब्द काढला नाही. त्याची गरजही नव्हती. जीप फाटकाबाहेर पडायच्या आत अभंग सुरू होई. तो संपतो न संपतो तोच लावणी ठसक्यात येऊन उभी राही. तिच्या मागोमाग कव्वाली, मग एखादे जुने हिंदी गाणे, मग नाट्यपद, मग भारूड. या क्रमाने माझ्या शिस्तबद्ध मनाला त्रास होई. एकदा धीर करून मी विचारले, की अभंगानंतर लगेच लावणी बरी दिसते का? त्यांनी गिअर बदलला आणि म्हणाले, "बाई, बाजरीत मटकी पेरताना आपुन बाजरीला इचारतो का? एकच पीक घेतलं तर जमीन रुसती. पोरीबी जमीनच हायेत की."

ही गाणी त्यांनी विकत आणलेली नव्हती. वडिलांच्या वेळचा रेडिओ ओट्यावरच्या कोनाड्यात ठेवायचा, त्याच्यासमोर घरातला दुसरा टेपरेकॉर्डर मांडायचा आणि मनासारखे गाणे लागले की दोन बटणे एकदम दाबायची, ही त्यांची रीत. निवेदकाने गाण्याचे, गायकाचे किंवा चित्रपटाचे नाव सांगितले की तेवढे ते कटाक्षाने वगळत. "नाव कळलं की पोर नावालाच ऐकती, गाण्याला न्हाई." गाणे उतरत असताना घरातल्या सर्वांनी जिथल्या तिथे थांबायचे असा दंडक होता. त्यांनी हात वर केला की त्यांच्या पत्नीचा, म्हणजे आमच्या वहिनींचा, भाकरी थापणारा हात थांबे. एकदा फाटकातून आत येणारे पोस्टमन एक पाय उचललेल्या अवस्थेत सबंध ठुमरी ऐकून गेले होते. पण हाताच्या इशाऱ्याला कोंबडा जुमानत नसे, कुत्रे जुमानत नसे आणि वीज तर मुळीच जुमानत नसे. डिंभ्याच्या धरणाच्या पाण्यावर ओलित आले खरे, पण वीज कधी येईल ते कुणालाच ठाऊक नसे. ती आली की आधी मोटर चालू करायची, मग बाकीचे जग. अशाच एका सकाळी मोटर चालू करून गृहस्थ ओट्यावर परतले, तर रेडिओवर त्यांच्या फार आवडीचे नाट्यपद लागले होते. बटणे दाबली गेली, हात वर झाला, आणि शेताकडून वहिनींची हाक आली, "अवो, मोटर बंद करा, पाणी पार बांधावर गेलं." पहिला अंतरा संपून दुसरा सुरू व्हायच्या आधी जी जागा असते, तिथे ही हाक इतकी चपखल बसली, की ती पुसायचे त्यांच्या मनात आले नाही. वहिनींच्या मनात मात्र पुष्कळ आले. "सगळी मिरची वाहून गेली. आता खावा गाणं," असे त्या बरेच दिवस वाढताना म्हणत.

धनगरांची मेंढरे खतासाठी रानात बसवायची आमच्याकडे जुनी चाल आहे. एका वर्षी मेंढरे बसली, तेव्हा घरमालकांनी मेंढरांच्या मालकाला, ठरल्यापेक्षा वर, एक अट घातली. दिवस मावळताना त्याने ओव्या म्हणायच्या. तो लाजला, डोक्यावरचे मुंडासे सारखे करत म्हणाला, "पावणं, मेंढराबिगर मला सूर लागत न्हाई." म्हणून मेंढरांसकट ओव्या उतरवल्या गेल्या. त्या कॅसेटमध्ये ओवीच्या प्रत्येक चरणाला मागून दाद मिळते.

जीपमधला आरसा त्यांनी असा वळवून ठेवला होता, की त्यात रस्ता अजिबात दिसत नसे. दिसत ते मागे बसलेल्या मुलींचे चेहरे. "मागच्या गाडीची काळजी मागचा घील," असे ते म्हणत आणि मी डोळे मिटून घेत असे. थोरलीवर त्यांचा प्रयोग पहिल्यापासून यशस्वी होता. तिचा पाय ठेका धरी, ओठ हलत, खालच्या फाट्याला पोहोचेपर्यंत ती मोकळ्या गळ्याने गाऊ लागे. शाळेच्या स्नेहसंमेलनात ती ते नाट्यपद म्हणायला उभी राहिली, तेव्हा पेटीवर संगीताचे मास्तर होते आणि पडद्यामागे मी होते. पहिला अंतरा तिने सुरेख घेतला. मग किंचित थांबली आणि गाण्याइतक्याच गांभीर्याने, नेमक्या त्याच हेलात, साऱ्या गावापुढे म्हणाली, "अवो, मोटर बंद करा, पाणी पार बांधावर गेलं." मास्तरांचा हात पेटीवरच राहिला. मागच्या रांगेतले एक शेतकरी खरोखरच उठून लगबगीने बाहेर गेले. थोरलीने मात्र न अडखळता दुसरा अंतरा उचलला. ती आत आल्यावर मी तिला विचारले, तर तिने माझ्याकडे नवलाने पाहिले. "बाई, आवाज आईचा हाये ते ठाव हाये मला. पण मला वाटलं, सगळ्यांच्या घरी गाण्यात आपापली आई आसती."

घरमालकांना या प्रसंगाचा अभिमान वाटला. वहिनींनी महिनाभर शाळेच्या रस्त्याने जाणे टाळले.

प्रश्न होता धाकटीचा. ती आरशात दिसे, पण आरशातून काही कळत नसे. खिडकीबाहेरचा ऊस, कालवा, पुन्हा ऊस असे पाहत ती बसून राही. अभंगाला तिची मान हलली नाही, लावणीला ओठ हलले नाहीत, कव्वालीच्या टाळ्यांनी तिची पापणीसुद्धा लवली नाही. घरी कुणी तिला गाताना ऐकले नव्हते. वर्गात मी प्रश्न विचारला, की तिचे उत्तर वहीत बरोबर असे आणि तोंडातून मात्र फुटत नसे. मीही तशीच वाढले असल्यामुळे तिला उभे करायचे माझ्या जिवावर येई. तिच्या वडिलांना मात्र हे न कळणे सोसत नव्हते. कांद्याच्या वाफ्यापाशी उकिडवे बसून त्यांनी एकदा मला विचारले, "बाई, तुमी मास्तरीण. थोरलीत पेरलं ते उगवून आलं. ह्या धाकटीत काय रुजलंय का समदं वाहूनच गेलंय, हे वळखायचं कसं?" मी माझ्या धंद्याला साजेसे उत्तर दिले, की परीक्षा घेतल्याशिवाय कळणार नाही. त्यांनी मूठभर माती हातात चुरली. "बी रुजलं का न्हाई ते बघाया रोज उकरलं, तर रुजायचं तेबी मरतं," असे म्हणाले आणि त्यांनी तिला कधीही काही विचारले नाही.

विचारले नाही, तरी प्रयोग थांबवले असे नव्हे. एका रविवारी आम्हा सर्वांना त्यांनी लेण्याद्रीला नेले. दगडात कोरलेल्या, एकही खांब नसलेल्या त्या दालनात गाणे कसे घुमते ते त्यांना मुलींना ऐकवायचे होते. टेपरेकॉर्डर पिशवीतून निघून लावणीचा ठेका उमटताच तिथल्या रखवालदाराने हटकले. "राव, देवळात लावणी लावता व्हय?" घरमालक म्हणाले, "देवाला रोज आरतीच. त्यालाबी कधी चव बदलाविशी वाटत आसंल की." देवाचे मत कळायला वाव मिळाला नाही. उतरताना पायऱ्यांवर एका माकडाने पिशवीतून कॅसेट पळवली. खाण्याजोगी नाही असे दिसल्यावर त्याने तिची फीत बोटांनी ओढून कठड्यावर पसरली आणि निघून गेले. थोरली रडू लागली. वहिनी म्हणाल्या, "बरं झालं. आता घरात भाकरी तरी येळेवर व्हईल." घरमालक हताशपणे त्या झुळझुळणाऱ्या फितीकडे पाहत राहिले. धाकटी मात्र काही न बोलता पायरीवर बसली, माझ्याकडून पेन्सिल मागून घेतली आणि उन्हे कलेपर्यंत ती फीत एकेका वेढ्याने परत आत घेत राहिली. त्यानंतर त्या कॅसेटमधली कव्वाली मध्येच डगमगू लागली, पण वाचली. मला तेव्हा काहीतरी सुचायला हवे होते. घरमालकांना मात्र फक्त तिची चिकाटी दिसली. "हिसाबाला चांगली व्हनार ही," ते म्हणाले.

आणि ती झालीही. थोरलीचे लग्न होऊन ती जुन्नरला गेली आणि धाकटी शिकायला पुण्याला निघाली. जायच्या सकाळी घरमालकांनी कुणाचे लक्ष नसताना तिच्या पिशवीत दोन कॅसेटी सरकवल्या. तिने त्या काढून पुन्हा फळीवर ठेवल्या. "ओझं व्हईल, आप्पा." ते "बरं" म्हणाले. एस.टी. गेल्यावर जीप सुरू करताना त्यांनी आरसा पहिल्यांदा रस्त्याकडे वळवला. त्या दिवशी आम्ही घरापर्यंत काहीही न ऐकता आलो. "बाई," फाटकापाशी ते म्हणाले, "काही जमिनीत मटकी येत न्हाई. त्यात जमिनीचा दोष नसतोय."

पुढे कॅसेटींचे दिवस सरले. जीपमधला टेपरेकॉर्डर बिघडला, तो दुरुस्त करणाराही उरला नाही. अशात एका दिवाळीला धाकटी घरी आली ती एक सीडी आणि ती वाजवायचे, सेलवर चालणारे लहानसे यंत्र घेऊन. थोरलीही माहेरी आली होती आणि फराळाला मला बोलावणे होते. धाकटीने यंत्र ओट्यावरच्या कोनाड्यात, रेडिओच्या जागी ठेवले आणि कळ दाबली. अभंग लागला. तो संपताच लावणी लागली. मग कव्वाली, एकदाही न डगमगता. मग जुने हिंदी गाणे. घरमालकांच्या हातातली करंजी तशीच राहिली. तीच गाणी होती, त्याच क्रमाने, धुऊन पुसून लखलखीत केलेली.

जाब वहिनींनी विचारला. "कुठं मिळाली गं?"

"दुकानात. मग मैत्रिणीच्या कॉम्प्युटरवर एकत्र केली."

"नाव एकाचं ठाव न्हाई कुनाला. मागितली कशी?"

धाकटीने फुलपात्रातले पाणी प्यायले. "म्हणून दाखवली."

"कुनापुढं?"

"दुकानदारापुढं. एका दुकानात मिळाली न्हाईत, म्हणून दुसऱ्या. मग तिसऱ्या."

"लावनीबी?" थोरलीने विचारले.

"हो."

"गिऱ्हाइकं व्हती?"

"व्हती. दोघंतिघं थांबली ऐकत."

"घरात कदी तोंड उघडलं न्हाई बया, न् पुण्यात दुकानांदुकानी लावनी म्हणत हिंडली," थोरली म्हणाली, आणि तिने धाकटीचा हात धरला तो सोडलाच नाही. मी खाली मान घालून चकली मोडत होते. अनोळखी माणसाला पत्ता विचारायचा असला, तरी मी आधी मनात वाक्य जुळवते. त्या मुलीला प्रत्येक गाणे किती महाग पडले असेल, याचा अंदाज त्या ओट्यावर बहुधा मलाच होता.

"मेंढरांचं तेवढं मिळालं न्हाई, आप्पा," ती म्हणाली.

"ते कसं मिळंल?" घरमालक म्हणाले. "ती मेंढरं आपल्याच वावरात बसली व्हती."

मग ते नाट्यपद लागले. इतके स्वच्छ, की गाणाऱ्याचा श्वास ऐकू यावा. कोंबडा नाही, कुत्रे नाही. पहिला अंतरा संपला, ती मोकळी जागा आली, आणि धाकटी, नेहमीसारखी बाहेर उसाकडे पाहत, हलक्या पण अचूक सुरात म्हणाली, "अवो, मोटर बंद करा, पाणी पार बांधावर गेलं."

घरमालक उठले आणि पायऱ्या उतरून खरोखरच मोटरीच्या दिशेने चालू लागले. वीज सकाळपासून नव्हती. वहिनींनी त्यांच्या फराळाच्या ताटलीवर झाकण ठेवले. पुष्कळ वेळाने ते परतले, तेव्हा डोळे पुसून आलेल्या माणसासारखे दिसत होते. कोनाड्यापाशी बसून त्यांनी धाकटीला फक्त एवढेच सांगितले, "परत लाव."

आता धाकटी फार दूरच्या शहरात असते. थोरलीच्या मुली मोबाइलवर त्यांना हवे ते ऐकतात आणि त्यांच्या गाण्यांत कुणी मध्ये बोलत नाही. निवृत्त झाल्यावर मी पुण्याला आले. येताना वहिनींनी लोणचे दिले आणि घरमालकांनी ती माकडाच्या हातची कॅसेट. माझ्याकडे ती वाजवायला काही नाही. तरी कधीकधी रेडिओवर ते नाट्यपद लागते, पहिला अंतरा संपतो, आणि माझ्या दोन खोल्यांच्या या घरात, जिथे ना शेत आहे ना मोटर, मी हातातले काम ठेवून त्या हाकेची वाट पाहते. तुमच्या घरच्या गाण्यात मध्येच कोण बोलते?